गुरुजी, तुमचा जिल्हा मले पाठ आहे

गुरुजी, मी झोपली नाई. पोट्टीच्या बापाचा फोन आला तवापासून झोपलीच नाई म्हना. फोन आला तो दुसऱ्याच कोनाच्या नंबरावरून, अन् बोलता बोलता कटला. मी उलटा लावला तर कोन्या मानसानं उचलला, राँग नंबर म्हनलं, अन् बंद करून टाकला. आता तो नंबर लागतच नाई. मले वाटते तो पुन्हा वाजंल, अन् मी झोपेत असन, अन् मी उठेपरेंत कटून जाईल. म्हनून मोबाईल छातीवर ठेवून पडते. पोट्टी दूध पिता पिता त्याले हात लावते अन् बा, बा करते. तिले वाटते बाप त्याच्यातच राह्यते.

तुमाले पत्र लिवाचं काही कारन नोतं. तुमाले मरून आता किती वर्सं झाले, तुमच्या वर्गातले पोट्टे आता पोट्ट्याईचे बाप झाले. मेल्या मानसाले कोनी पत्र लिहीत नाई, अन् माहं अक्षर त तुमाले ठाऊकच आहे, कोंबडी चालल्यासारकं. पन जित्या मानसाईले सांगून पाह्यलं. सरपंचाले सांगितलं, ठान्यात सांगितलं. सगळे आयकतात अन् म्हनतात, तो जिल्हा आपला नोहे बाई. मंग मले तुमी आठवले. तो जिल्हा तुमचा आहे. अन् तिथी तुमच्याच पोटच्या पोट्ट्यानं माह्या मानसाले कोंडून ठेवलं आहे. तर हे तुमाले आयकाच लागंल. मेले म्हनून सुटका नाई तुमची.

तुमी गावात आले तवा मी तिसरीत होती. तुमच्या बोलन्याले लोक हासत. तुमी पोट्टीले 'गो' म्हना, आमाले वाटे हे गाईले बलावून राह्यले का काय. तुमच्या ट्रंकेतून सुक्या मासोळीचा वास ये. माहा बाप एकडाव तळ्यातली ताजी मरळ घेऊन तुमच्या खोलीवर आला होता, तर तुमी नाक मुरडलं. "गोड्या पाण्यातला मासा म्हणजे गवत हो. चवच नाही त्याला." बाप घरी आला अन् मायले सांगते, "गुरुजीले मासोळी खारी पाह्यजे म्हनते." माय म्हने, "मंग मीठ टाकून खा म्हना ना बाप्पा, इथी कोन नाई म्हनते!" ती चुलीवर तपल्या रेतीत मुरमुरे फोडून राह्यली होती, हासता हासता तिच्या हातचा झारा सुटला. आमी ढिवर लोक. तळं, जाळं, शिंगाडे, मुरमुरे, याच्यापल्याड आमाले काही माहीत नोतं. समुद्र गावात तुमीच आनला.

कसा आनला ते सांगते, तुमी विसरले असान. तिसरीचं भूगोलाचं पुस्तक हर जिल्ह्याचं अलग राह्यते. आमच्या जिल्ह्याचे पुस्तकं त्या साली आलेच नाई. पोळा झाला, दसरा झाला, तरी नाई. तुमी म्हनले, "हरकत नाही, माझ्याकडे आहे," अन् ट्रंकेतून तुमच्या पोट्ट्याचं जुनं पुस्तक काढलं. रत्नागिरी जिल्ह्याचं. कोनीतरी म्हनलं, गुरुजी, हा त दुसराच जिल्हा आहे. तुमी म्हनले, "अरे, भूगोल इथून तिथून सारखाच. नदी ती नदी आणि तहसीलदार तो तहसीलदार." कपड्याले लावाची नीळ पान्यात कालवून तुमी फळ्याच्या डाव्या बाजूले फासली अन् म्हनले, हा अरबी समुद्र. मंग त्या निळ्यातून बोटानं आत रेघा ओढल्या, ह्या खाड्या. समुद्र जमिनीत हात घालतो ती खाडी. तुमचा हात दिवसभर निळा राहे. आमी त्याच हाताकडं पाहू.

अन् आमी पाठ केलं. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा, राजापूर. पूर्वेले सह्याद्री, पश्चिमेले अरबी समुद्र. कोनत्या खाडीच्या अल्याड कोनता तालुका अन् पल्याड कोनता, जांभा दगड कुठी निघते, आंबा कुठी, भात कुठी. पुस्तकात कलेक्टराचं चित्र होतं, तुमच्या पोट्ट्यानं पेनानं त्याले मिशा काढल्या होत्या, आमी त्याच्यावर लय हासलो. त्या चित्राच्या खाली तुमी आमाले पायऱ्या शिकवल्या. गावाले तलाठी, तलाठ्यावर मंडळ अधिकारी, त्याच्यावर तहसीलदार, त्याच्यावर प्रांत, सगळ्याईच्या वर कलेक्टर. पोलिसाईचंही तसंच, ठान्यापासून एसपीपरेंत. तुमी म्हना, "अन्याय झाला तर खालून सुरू करायचं आणि वर जात राहायचं. मध्ये थांबायचं नाही." मले हे सगळ्यात आवडलं होतं. आमच्या घरी अन्याय झाला तर बाप दारू पे अन् झोपे.

एक डाव मी इचारलं होतं, गुरुजी, तिथी बी ढिवर असतात का? तुमी म्हनले, असतात, त्यांना तिकडे कोळी म्हणतात. मी म्हनलं, मंग त्याईच्या तळ्याचा मालक कोन? तुमी खिडकीबाहीर पाह्यलं, बाहीर त सागाचे झाडं होते फकत, अन् तुमी म्हनले, "समुद्राला मालक नसतो गो." हे वाक्य ध्यानात ठेवा, गुरुजी. याचा हिसाब पुढं आहे.

मंग तो दिवस. तालुक्यावरून साहेब जीपनं आला. तुमी आमाले आंघोळ करून याले सांगितलं होतं. साहेब खुर्चीवर बसते, चहा घेते, अन् इचारते, आपल्या जिल्ह्यात तालुके कोनते, कोन सांगंल? मी उभी राह्यते. मी तुमच्याकडं पाहून हासते, का पाहा आता. अन् मी सुरू करते मंडणगडपासून. एकही चुकत नाई. साहेब म्हनते, "अन् पश्चिमेला काय?" मी म्हनते, अरबी समुद्र. साहेबाच्या हातचा चहा बशीत सांडते. "गुरुजी, चंद्रपूर जिल्ह्याला समुद्र कधी आला हो? आम्हाला कळवलं नाही कोणी!" त्याच्या संगचा बाबू पोट धरून हासते. मी तुमच्याकडंच पाहून राह्यली आहे. मले वाटून राह्यलं, आता तुमी पुस्तक काढाल अन् सांगाल, साहेब, पुस्तकं आले नाई, मीच हे शिकवलं. तुमचं तोंड पांढरं पडलं होतं. अन् तुमी म्हनले, "ढिवराची पोर आहे, साहेब. यांच्या डोक्यात पाणीच. कुठे काय ऐकतात आणि बरळतात." अन् छडी घेतली. माह्या हातावर मारली. निळ्या हातानं मारली.

वर्गातले सगळे खाली पाहून राह्यले होते. सगळ्याईले तेच पाठ होतं, पन उभी मीच राह्यली होती ना. पोट्टीचा बाप बी होता त्या वर्गात, मागं बसे अन् हजेरी झाली का खिडकीतून तळ्यावर पळे. त्या दिवशी बी पळाला होता. म्हनून त्याले तुमचा एकही तालुका येत नाई. तुमी शिकवलं त्यातलं हेच त्याच्या कामी आलं असतं, अन् तेच तो शिकला नाई.

दुसऱ्या दिवशी तुमी मले दाराआड बलावलं अन् कागदाची पुडी देल्ली. "आईला दे. आमसूल आहे, सार करायला सांग." मायनं पुडी उघडली, तिले वाटलं हे खराब झालेले मोहफूल आहेत. तिनं भिजू घातले त पानी लालभडक. "अवो माय, हे त रगत सुटून राह्यलं!" म्हनून तिनं उकिरड्यावर फेकलं. तवा मी बी हासली. आता हासत नाई. तुमी माफी नाई मांगली, गुरुजी. आमसूल देल्लं. बापानं माहा सुजलेला हात पाह्यला अन् म्हने, मारच खायाचा असंल त घरी काय कमी आहे, शिंगाडे तोडायले चाल. मी कशीतरी चौथीत गेली अन् तिथूनच सुटली. माह्या शाळेचा खून तुमी केला. साहेबाच्या एका हासन्यासाठी केला.

अन् तरीबी पुढं काय झालं ते पाहा. पुढच्या पान्याच्या दिवसात तुमाले ताप आला. डोक्यात चढला, तुमी खोलीत एकटेच बडबडून राह्यले होते, बोट आली, बोट आली. नाल्याले पूर, रस्ता बंद. गावातल्या चार जनाईनं तुमची खाट खांद्यावर घेतली अन् छातीएवढ्या पान्यातून नाला काढला. त्यातला एक माहा बाप. मी बापाले म्हनलं होतं, काऊन जाता, त्याईनं मले मारलं. बाप म्हने, "तुले मारलं म्हनून का मानूस मरू देऊ?" तुमी दवाखान्यापरेंत पोचले, पन वाचले नाई. तुमची बाई अन् पोट्टा आले तवा बापानं तुमचं घड्याळ, ट्रंक, चष्मा सगळं मोजून हाती देल्लं. तुमच्या पोट्ट्याले नुकत्याच मिशा फुटल्या होत्या. तो माह्या बापाच्या पाया पडला. "काका, हे उपकार मी विसरणार नाही." मी उंबऱ्यातून पाह्यलं ते. माह्या डोळ्यानं पाह्यलं. गावानं शाळेपुढच्या चिंचेखाली तुमच्या नावाचा ओटा बांधला. माह्या बापानं त्याची रेती वाह्यली.

तो पोट्टा आता बाप्या झाला आहे. बोटी आहेत त्याच्या. मागच्या पोळ्यानंतर तो पांढऱ्या गाडीतून आला, तुमच्या ओट्यावर डोकं ठेवून रडला. खरं रडला का नाई ते तुमाले माहीत. गावानं त्याले कोंबडी करून घातली. माहा बाप नाई राह्यला म्हनून त्यानं माह्या घरी येऊन बापाच्या फोटूले हात जोडले. मंग म्हने, "खलाशी मिळत नाहीत हो तिकडे. तुम्ही पाण्याची माणसं, हातात जाळं आहे. परक्याला नेण्यापेक्षा आपल्या माणसाला नेतो." आमचं तळं त्या साली बाहेरच्या ठेकेदाराकडं गेलं होतं. पोट्टीचा बाप त्याच्याअगोदर तेलंगनात मिरची तोडायले गेला अन् डोळे सुजवून आला होता. त्यानं मले इचारलं, "तू शिकली आहेस ना तिथलं सारं. कसं आहे?" अन् मी काय सांगितलं असंल? जे तुमी सांगितलं तेच सांगितलं. समुद्राले मालक नसते. तो हासला अन् निंगाला, संगं शेजारचा भाऊ. समुद्राले मालक नसंल, गुरुजी, पन बोटीले असते. हे तुमी शिकवलं नाई.

दिवाळीले शेजारचा भाऊ परत आला. एकटाच. हातपंपावर मले पाह्यलं अन् पान्याचा गुंड तसाच सोडून पळाले लागला. मी वाट अडवली.

"भाऊ, पोट्टीचा बाप कुठी आहे?"

"वयनी, मले नोका इचारू. तुमच्या पाया पडतो पाह्यजे त."

"पाया पडाले मी काय देवी आहे? सांग."

मंग तो तिथीच चिखलात बसला अन् रडत सांगाले लागला. जाळं ओढायचं मशीन असते बोटीवर. त्याच्या दोरात पोट्टीच्या बापाचा हात सापडला. बोटं गेले. उजव्या हाताचे. "सरकारी दवाखान्यात नेलं त पोलीस येतीन, बोटीचे कागद पाह्यतीन, म्हनून शेठनं नेलं नाई. एका डाक्टरले बलावून पट्टी केली, अन् बर्फाच्या गोदामामागं खोली आहे तिथी ठेवलं. मोबाईल घेतला, आधार घेतलं. बरा झाला का धाडतो म्हने. मले म्हने, गावात तोंड उघडलंस त तुलेही पाहून घेईन." मी म्हनलं, कोनतं गाव? तो म्हने, "आमाले काय माहीत वयनी, गाडीतून नेलं, बोटीवर चढवलं. बंदर म्हनत त्याले." शेठ म्हनते तो तुमच्या पोट्ट्याले.

मी तुमच्या पोट्ट्याले फोन लावला. पह्यले गोड बोलला. "अहो वहिनी, तो तर पळून गेला. दुसऱ्या बोटीवर गेला, राजापूरकडे कुठेतरी. माझीच माणसं शोधतायत." मी म्हनलं, बोटं तुटलेला मानूस कोन्या बोटीवर गेला? मंग तो असा बोलला का तुमी बी आयकलं असतं त तुमचं तोंड पुन्हा पांढरं पडलं असतं. "हे बघ, लहान मूल आहे ना तुझं? गप घरात बस. खलाशी समुद्रात पडतात, रोज पडतात. हाही पडला असं लिहून द्यायला मला किती वेळ लागतो?" त्याचा आवाज तुमच्यासारकाच आहे. 'गप' म्हननं बी तसंच. माह्या हाताले छडी लागल्यासारकं झालं, खरं सांगते. मी फोन ठेवला अन् पोट्टीले इतकं गच धरलं का ती रडाले लागली.

ठान्यात गेली त जमादार भला होता, पानी देल्लं, खुर्ची देल्ली. पन म्हने, "बाई, घटना तिकडची, हद्द तिकडची. इथी लिहून घेतलं तरी कागद फिरत फिरत जाईल. मानसाचा ठावठिकाना त सांग, कोनत्या ठान्याच्या हद्दीत आहे?" ठावठिकाना मले माहीत नोता. लांब समुद्रकाठ आहे तुमच्या जिल्ह्याले. मी उठून घरी आली.

अन् मंग त्याचा फोन आला. पानी आनून देनाऱ्या कोन्या मानसाच्या मोबाईलवरून. हळू बोलून राह्यला होता. हाताले वास येते म्हने. ताप येते म्हने. पोट्टी चालाले लागली का इचारलं. मी म्हनलं, रडू नोको, पह्यले सांग तू कुठी आहेस. त्याले माहीत नाई. मी म्हनलं, खिडकीतून काय दिसते? तो म्हने, पानी. लय रुंद, पन पल्याडचा काठ दिसते. एक मोठी बोट अल्याडून पल्याड जाते, तिच्यावर मोटारसायकली चढतात, गाड्या बी चढतात. अन् चढताना मानूस ओरडते, गुहागर, गुहागर. गुरुजी, फळा दिसला मले. गुहागरच्या दोन बाजूले दोन खाड्या, तुमच्या निळ्या बोटानं ओढलेल्या. वरची दाभोळची, खालची जयगडची. दोन्हीकडून मानूस गुहागरलेच जाईल. मंग मी त्याले इचारलं, पल्याडच्या काठाकडं तोंड करून बस, अन् सांग, संध्याकाळी सूर्य कोन्या हाताले बुडते? तो म्हने, पागल झालीस का? मी म्हनलं, सांग ना! तो म्हने, उजव्या. तिकडं समुद्र उघडा आहे, उजव्या हाताले. तेवढ्यात फोन कटला.

उजव्या हाताले पश्चिम, म्हंजे तोंड दक्षिनेले. म्हंजे तो वरच्या खाडीच्या वरच्या काठाले आहे. दाभोळ. तालुका दापोली. तुमचा पोट्टा मले राजापूर सांगते, पार दुसऱ्या टोकाचं. त्याले वाटलं, जंगलातली बाई, तिले राजापूर काय अन् दापोली काय. त्याले माहीत नाई का त्याच्याच पुस्तकातून मी शिकली. त्याच्या बापानं शिकवलं अन् त्यासाठी मले मारलं बी.

काल मी सब्बल घेऊन तुमच्या ओट्यावर गेली. मनात होतं तेच केलं. पह्यल्या घावाले सिमेट उडालं, दुसऱ्याले कोपरा आला. शाळेत सयपाक करनारी बाई पळत आली. "अवो बाई, मेल्या मानसाचा ओटा फोडून राह्यलीस? पाप लागंल!" मी म्हनलं, "लागू दे. माह्या बापाची रेती आहे याच्यात, तेवढी काढून घेते." ती म्हने, "गुरुजीनं का केलं? केलं त त्याच्या पोट्ट्यानं." मी म्हनलं, "आंब्याच्या झाडाले का बाभळीच्या शेंगा लागतात?" पोट्टे खिडकीतून पाहून राह्यले होते. मंग तिनं माह्या हातून सब्बल घेतली, मले वाटलं आता ही ते घरी घेऊन जाईल, तर तिनं बी एक घाव घातला अन् म्हने, "हं. आता झालं? पोट्टीले कोनापाशी ठेवून आलीस? घरी जा." अर्धा ओटा अजूक उभा आहे. मानूस घेऊन आली का बाकीचा फोडन.

मी निंगाली आहे, गुरुजी. पिशवी भरली. जमादाराचा कागद फिरत फिरत जाईपरेंत थांबनं होत नाई. पोट्टीले संगं घेते, ती अजूक दुधावर आहे अन् सासूले ऐकू येत नाई, तिच्यानं सांभाळनं होत नाई. नागभीडहून नागपूर, तिथून रेल्वे. नागपूरच्या पल्याड मी कधी गेली नाई. मले त्या जिल्ह्यात सगळे पायऱ्या माहीत आहेत. पन पह्यले मी ठान्यात जानार नाई. पह्यले तुमच्या घरी जानार. तुमच्या गावाचं नाव तुमी दर शनिवारी फळ्यावर लिहा, ते बी पाठ आहे. तुमच्या आंगनात उभी राहीन, लोक जागे असतीन अशा टायमाले. तुमची बाई बाहीर येईल, पानी देईल, मी पिनार नाई. मोठ्यानं तिले म्हनन, बाई, तुमच्या मालकाची खाट माह्या बापानं छातीएवढ्या पान्यातून वाह्यली, अन् तुमच्या पोट्ट्यानं माह्या मानसाचा हात सडवला. शेजारचे आयकतीन. कोळ्याईच्या बाया आयकतीन. मंग तिथून दाभोळ, मंग दापोली, तहसीलदार, प्रांत, अन् नाई आयकलं त रत्नागिरीले कलेक्टरापरेंत. मधात थांबनार नाई. मले तुमच्या पोट्ट्याच्या हातात बेडी पाह्याची आहे, अन् ते बंदरावर, बोटी येयाच्या टायमाले, गाव जमलं असंल तवा. त्याचं तोंड पांढरं पडलेलं पाह्याचं आहे. मी हासन. साहेबावानी हासन, चहा सांडेपरेंत. तुमच्या घराच्या नावाले तिथी लोक थुंकतीन तवा मी समजन का तिसरीच्या त्या दिवसाचं फिटलं.

हे पत्र मी कुठी टाकनार? तुमाले पत्ता नाई. डब्यात ठेवून जाते, पोह्याच्या. माहा भाऊ चंद्रपूरले कोळशाच्या ट्रकवर आहे. त्याले मी सगळं सांगितलं तवा तो म्हने, बाई, एकटी जाशील नोको, मले सुट्टी भेटू दे, आपन दोघं जाऊ. मी हो म्हनलं. थांबते म्हनलं. पन त्याची सुट्टी होईपरेंत तो हात राह्यनार नाई, हाताचा मानूसही राह्यनार नाई, म्हनून त्याले न सांगता जाते. तो मले इचारे, तुले भेव नाई लागत का? मी म्हनलं, नाई.

हा डबा जो कोनी उघडंल अन् हे वाचंल, त्यानं येवढं करा, माह्या भावाले फोन करा. नंबर चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहिला आहे. त्याले म्हना, बहीन दाभोळले गेली, बर्फाच्या गोदामामागं पाहा. अन् म्हना का भेव नाई म्हनली होती, ते खोटं होतं. लय भेव लागून राह्यलं आहे. सुट्टी नाई भेटली तरी ये म्हना.